आजीच्या पेटीतले हाली, कलदार आणि तुमचं कापलेलं बोट

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही कळेल. लातूरजवळच्या गावी आजीच्या पेटीत तुम्हाला नाण्यांचं गाठोडं सापडलं: निजामाचे चार चारमिनार छाप रुपये, व्हिक्टोरिया राणीचे दोन राणीछाप, एक वाघाचा, मूठभर भोकाचे पैसे आणि दहा-वीस-पंचवीस पैशांचा ढीग. बचत गटाच्या स्टॉलसाठी त्यांचे कानातले आणि माळा करायच्या म्हणून पहिलंच नाणं बोटांत धरून ड्रिल लावलं. ते गर्रकन फिरलं आणि तीन टाके पडले. त्याआधी नमुन्याला केलेले कानातले मैत्रिणीने घातले तर तिचा कान सुजला. आता तुम्ही विचारताय की हातमोजे कोणते घ्यावेत, मास्क कोणता घ्यावा, आणि कडी डाखताना, म्हणजे डाख नावाचा जोडधातू वितळवून जोडताना, धूर येतो तो चालतो का.

हातमोज्याचं उत्तर लगेच देते: कोणताच नाही. फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजा घालायचाच नसतो. नाण्याने बोट कापलं तर टाके पडतात, मोजा ड्रिलच्या फिरत्या टोकात, म्हणजे बिटात, गुंतला तर बोटच जातं. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळी वेणी, गळ्यातलं लांब मंगळसूत्र यांचंही तसंच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना मी मशीनपुढे बसण्याआधी बांगड्या काढायला लावते. घरातल्या मोठ्या बायकांना ते पटत नाही, पण माझ्या खोलीत माझा नियम.

खरी अडचण मोज्यांची नाहीच. तुम्ही सगळ्या नाण्यांना एकाच मापाने मोजलंत. गाठोड्यात किमान पाच-सहा वेगवेगळे धातू आहेत. त्यातला एक आगीत धूर सोडतो, एक कातडीला खाज आणतो, एक लाल होण्याआधीच वितळून खाली बसतो, आणि काहींना हात लावणं कायद्यात बसत नाही. परभणीत मी गेली बावीस वर्षं हे काम करते. माझ्या हातून झालेले बहुतेक घोटाळे हातातलं नाणं कोणतं ते न बघितल्यामुळे झाले.

कायद्याचं उरकून टाकते. चालू नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. दुकानदार घेत नाही म्हणून पन्नास पैसे बाद झाले असं लोक धरून चालतात, पण ते आजही कायदेशीर चलन आहे. म्हणून पन्नास पैसे आणि त्यावरच्या कुठल्याही नाण्याला मी हत्यार लावत नाही. तुम्ही दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याचं पेंडंट करायचं म्हणता, तेही सोडा. शिवाय ते दोन धातूंचं आहे, तापवलं की मधला गोळा सैल होऊन निसटू शकतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, त्यामुळे तुमच्या ढिगातला बराचसा माल मोकळा आहे. निजामाची आणि इंग्रजांची नाणीही आता चलन नाहीत, पण शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. दुबईहून कोणी ऑर्डर दिली तर आधी साल बघा.

तुमच्या चारमिनार छाप रुपयांचं साल वाचता आलं नाही तरी एक खूण आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. मीम (م) असेल तर तो निजाम महबूब अलींच्या काळातला, म्हणजे १९११ च्या आधीचा. ऐन (ع) असेल तर त्यांच्यानंतरच्या निजाम उस्मान अलींचा. आपल्याकडे म्हातारी माणसं याला हाली आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायची. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब माझ्या आजेसासूच्या तोंडी होता. मीमचा रुपया निघाला तर भोक पाडण्याआधी एखाद्या नाणेसंग्राहकाला दाखवा. एकदा भोक पडलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जवळपास चांदीच्या वजनाइतकीच उरते.

आता ओळख. तीन साधनं लागतात: चुंबक, शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि वाटीभर पाणी. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. हाली ११.२ ग्रॅमच्या आसपास, चांदी साधारण ८२ टक्के. इंग्रजी रुपया १९४० पासून निम्म्याच चांदीचा झाला आणि युद्धाच्या काळात हालीचंही तेच झालं. वजन बरोबर आलं म्हणून नाणं खरं समजू नका, बाजारात हुबेहूब नकला आहेत. वाटीत पाणी घेऊन काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात सोडा. चांगला राणीछाप असेल तर काटा १.१३ च्या आसपास दाखवतो. १.३ किंवा त्याहून वर गेला तर ते तांबं, पितळ, कथील किंवा जस्ताचं काहीतरी आहे. त्याला आग लावायची नाही.

चुंबकाने मात्र घात होतो, तो असा. गेंड्याचं पंचवीस पैशांचं नाणं चुंबकाला चिकटतं, कारण ते स्टेनलेस स्टीलचं आहे. त्या जातीच्या स्टीलमध्ये निकेल नसल्यात जमा, म्हणून कानातल्यांसाठी ते बरंच. तुमचा १९४७ चा वाघाचा रुपयाही चुंबकाला चिकटतो, पण तो शुद्ध निकेलचा आहे. ‘नये पैसे’ लिहिलेलं जुनं पंचवीसही तसंच. म्हणजे चिकटणाऱ्या दोन नाण्यांतलं एक कातडीला सगळ्यात सोसणारं आणि दुसरं सगळ्यात त्रासाचं. तिथे चुंबक उपयोगाचा नाही, चित्र आणि साल बघावं लागतं. जी पंचवीस पैशांची नाणी चिकटत नाहीत आणि पांढरी दिसतात ती तांबं-निकेलची, निकेल त्यात चौथा हिस्सा.

मैत्रिणीचा कान सुजण्याचं बहुतेक कारण हेच. बहुतेक म्हणते, कारण कानात अडकवायचा आकडा कोणत्या धातूचा होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बाजारातले स्वस्त आकडे बऱ्याचदा निकेलचा मुलामा दिलेले असतात. निकेलची ॲलर्जी सगळ्यांना नसते, पण एकदा जडली की सहसा जात नाही, आणि ताजं टोचलेलं कान हे ती जडण्याचं हमखास ठिकाण. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. अंगाला घामाची धार लागलेली असते आणि घामात निकेल सुटतं. नाण्याच्या मागे नेलपॉलिश लावा असं कोणीही सांगेल, पण ते दोन लग्नांत निघून जातं. मी तांबं-निकेलची नाणी कानात आणि गळ्याला चिकटून बसणाऱ्या डागांत, म्हणजे दागिन्यांत, वापरतच नाही. माळेत वापरली तर मागे चांदीची पातळ चकती देते, आणि आकडे चांदीचेच घेते.

आता भोक. तुमचं बोट कापलं त्याचं कारण असं की बिट नाण्याच्या पलीकडे बाहेर पडतं त्या क्षणी ते उरलेल्या पातळ पापुद्र्यात अडकतं. तिथवर सगळं सुरळीत चाललेलं असतं, हात निर्धास्त झालेला असतो, आणि नाणं अचानक बिटावर चढून पात्यासारखं फिरायला लागतं. चिमट्यात किंवा पकडीत धरलं तरी ते निसटतं. मी बाभळीच्या दोन पट्ट्या घेतल्या आहेत. प्रत्येकीच्या कडेला अर्धगोल खाच आहे आणि खाचेत नाण्याचा काठ जेमतेम रुतेल एवढी चीर. दोन्ही पट्ट्या नाण्यावर दोन्ही बाजूंनी आणून शिकंज्यात आवळते आणि खाली वेगळी फळी ठेवते, म्हणजे बिट पोकळीत न जाता लाकडात जातं. जागेवर पंचने एक हलका ठोका, नाहीतर बिट गुळगुळीत चांदीवर घसरून राणीच्या नाकावरून जातं. (गेलंय. ते नाणं मी अजून ठेवलंय.) शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकायचा. आधी १ मिमीचं बिट, मग दीड किंवा दोनचं. भोक आणि काठ यांच्यामध्ये किमान २ मिमी धातू राहू द्या. वेग कमी ठेवा आणि शेवटी दाब जवळजवळ सोडून द्या. स्टीलच्या गेंड्याला चांगलं बिट आणि जास्त वेळ लागतो. तो खूप तापतो, लगेच हातात घेऊ नका. भोकाच्या मागे धारदार कड उभी राहते, ती मोठं बिट हाताने फिरवून मोडा. ती तशीच राहिली तर आधी दोरा कापते आणि मग गळा ओरबाडते.

आणि लाईट. हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायलाच हवं. लोडशेडिंग जोरात होतं तेव्हाची गोष्ट. काम चालू असताना लाईट गेली. मी बटण बंद न करता तशीच उठले, चहा करून आले, आणि अंधुक उजेडात म्हटलं तोवर पुढचं नाणं बसवून ठेवू. बोटं बिटाखाली असतानाच लाईट आली. डाव्या तर्जनीचं नख मधोमध फाटलं, आजही तिथे उभी रेघ आहे. तेव्हापासून लाईट गेली की पहिला हात बटणाकडे, दुसरा प्लगकडे.

डोळ्यांना चष्मा प्रत्येक वेळी लावायचा, एकच भोक असलं तरी. धातूची कुसळं उडतात. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं. घासकाम शक्यतो ओलं करा. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलं की धूळ उडतच नाही आणि मास्कचा प्रश्न अर्धा मिटतो. कोरडं घासायचंच असेल तर एन-९५, रुमाल नको. कारखान्यातले जुने लोक धूळ खाल्ल्यावर गूळ खातात. गूळ मलाही आवडतो, पण तो फुफ्फुसात उतरत नाही. बफच्या, म्हणजे चकाकी आणायच्या कापडी, चाकावर साखळी कधीच धरायची नाही. चाक ती ओढून घेतं आणि चाबकासारखी फिरवतं.

आता तुमचा धुराचा प्रश्न. नाही, चालत नाही. आधी कळायला हवं की तो धूर कशाचा आहे. पूर्वी सोन्याच्या दुकानांवर ‘केडीएम’ अशी पाटी असायची, तो डाख कॅडमियमचा. कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना घातक. तेव्हा काही वाटत नाही, काही तासांनी दम लागायला सुरुवात होते. सराफ्यात सुटा मिळणारा चांदीचा डाख कशाचा आहे ते दुकानदारालाही नेहमी माहीत नसतं. म्हणून कॅडमियम नसलेला, असं पाकिटावर लिहिलेलाच घ्या. पितळी नाण्यातून पांढरा धूर आला तर ते जस्त. त्याने संध्याकाळी थंडी वाजून कणकण येते आणि माणूस समजतो की व्हायरल आहे. खोलीला दोन बाजूंनी हवा हवी. धूर तुमच्या तोंडावरून न जाता तोंडापासून दूर जायला हवा. कूलरसमोर बसून डाखू नका, ज्योत वाकते आणि पाण्याशेजारी विजेच्या वायरी असतात.

ॲल्युमिनियमच्या नाण्याला आग दाखवायचीच नाही. पन्हाळीकाठाचे ॲल्युमिनियमचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे ही नाणी हातात घेताच हलकी लागतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी चांदीसारखं लाल होऊन इशारा देत नाही. आत्ता नाणं होतं, आत्ता थेंब झाला. घरगुती साधनांनी त्याला डाखही धरत नाही. भोक आणि कडी, एवढंच करायचं. त्याची कानस वेगळी ठेवा. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत भरून बसतं, आणि तीच कानस चांदीवर चालवलीत तर तो भुगा पुढच्या आचेत चांदीला खड्डे पाडतो.

खड्ड्यांवरून आठवलं. तुमच्या राणीछाप रुपयांना आधीपासून कड्या आहेत असं लिहिलंय. तांड्यावरच्या बाया, आपल्या आज्या, सगळ्यांच्या रुपयांच्या माळांना अशा कड्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच गावच्या लोहाराने नाहीतर भांडी डाखणाऱ्याने कथील-शिशाने चिकटवलेल्या. राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठतो असा डाख दिसला तर त्यावर बत्ती धरू नका. शिशाचा धूर तर आहेच, पण तापलेलं शिसं चांदी खातं. माझ्या समोर एका रुपयाच्या काठाला चाळणीसारखी भोकं पडली होती. तो डाख थंडच, ब्लेडने ओला करून खरवडून काढायचा, खरवड कागदात गुंडाळून वेगळी टाकायची, हात साबणाने धुवायचे आणि मगच चहा प्यायचा. दोन नाणी पाठीला पाठ लावून डाखायची असतील तर मध्ये पोकळी राहते. तिथे पाण्याचा थेंब अडकला तर वाफेने नाणं फुटतं. बारीक भोक ठेवा.

शिशाची आणखी एक गोष्ट आपल्याच भागातली. पैठण, तेर या पट्ट्यात शेत नांगरताना सातवाहनांची नाणी निघतात आणि ‘जुना माल’ म्हणून कोणीतरी ती स्टॉलवर घेऊन येतं. सातवाहनांची कितीतरी नाणी शिशाची असतात. वरची पांढरट भुकटी बोटाला लागते, तीही शिशाचीच. त्यांना कानस लावणं हा तब्येतीचा तोटा आणि इतिहासाचाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. तसली नाणी विकत घेऊ नका. ज्याला सापडली त्याला तहसीलचा रस्ता दाखवा.

डाखल्यानंतर काळं पडलेलं साफ करायला तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, आणू नका. चांदीवर तेजाब पडलं की तांबूस धूर उठतो. तो श्वासात गेला तर रात्री त्रास होतो, तेव्हा कोणाला दुपारचं काम आठवत नाही. किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, ज्याला लिंबूसत्त्व म्हणतात, कोमट पाण्यात दोन-तीन चमचे टाकून नाणं वीस मिनिटं ठेवलं तरी काम होतं. त्यात लोखंडी चिमटा घालू नका, चांदीवर तांब्याचा लालसर थर बसतो. बांबूची काडी चालते. संडास-बाथरूमचं लिक्विड तर नाण्यांच्या आसपासही नको.

तुमच्या भोकाच्या पैशांना काहीच करायचं नाही. १९४३ ते ४७ च्या काळात युद्धामुळे तांबं वाचवायला सरकारनेच भोक पाडून दिलंय. सुती दोरा ओवा, झालं. पण लेकरांच्या करगोट्यात ओवणार असाल तर थांबा. नाणं सुटलं की लेकरू ते तोंडात घालतं, आणि गळ्यात अडकायला ते अगदी बेताचं असतं. माझ्याकडे कोणी मागितलं तरी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मी नाण्याचा डाग करत नाही.

आणि हाली रुपयांचं म्हणाल तर मी असते तर त्यांना भोकही पाडलं नसतं आणि डाखही दिला नसता. चांदीची पट्टी नाण्याच्या काठाभोवती वळवायची आणि कडी त्या पट्टीला आधीच डाखून घ्यायची. सगळं थंड झालं की नाणं आत बसवून पट्टीची कड हलक्या हाताने आत मुडपायची, कोंदणात खडा बसवतात तसं. नाणं अखंड राहतं, त्याला आग लागत नाही, आणि उद्या तुमच्या मुलीला ते काढून परत पेटीत ठेवायचं झालं तर ठेवता येतं. पट्टीचा खर्च येतो, पण गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं. विकताना फक्त ‘९२५’ (हजारात ९२५ भाग चांदी) लिहू नका, पट्टी ९२५ असली तरी नाणं ९२५ नाही. वाघाच्या रुपयाची चावीची साखळी करा, तो कानात नको.

टाके निघेपर्यंत मशीनला हात लावू नका. तोवर नाणी कोमट पाण्यात रिठा घालून मऊ ब्रशने धुवा, कोरडी करा, चुंबक आणि वजनकाटा घेऊन बसा आणि ढीग वेगळे करा: चांदी, स्टील, निकेल, ॲल्युमिनियम, पितळ-तांबं, आणि सहावा ढीग न ओळखलेल्यांचा. त्या सहाव्या ढिगाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, मी बघून सांगते.